दारातून आलेला वास

१

शनिवारी सकाळी क्लीट बोलिकनं टायरांच्या पिंजऱ्याचं कुलूप काढलं, तेव्हा मला कसलाच वास आला नाही. एप्रिल होता. पाइनच्या झाडांचा पिवळा पराग पॉटर्स फोर्कच्या मोटारशर्यतीच्या ट्रॅकवर, बाकांवर, गाड्यांच्या टपांवर बसला होता आणि दवानं त्याचा चिकट लगदा झाला होता. माझं नाक आठवडाभर चोंदलेलं होतं. ज्या जागी पेट्रोल, शिळं तेल आणि फिरते संडास एका रांगेत असतात, तिथे मी तो उपकारच समजत होते.

पिंजरा म्हणजे प्रेक्षकांच्या बाकांखालची, जाळी ठोकलेली जागा. शर्यतीचे टायर गुरुवारी संध्याकाळी तिथे जमा करायचे आणि शनिवारी सकाळी परत घ्यायचे. मधल्या वेळात कुणी त्यांना तेल पाजू नये, म्हणून ही सोय. विशिष्ट तेलं रबरात मुरली की रबर मऊ होतं, वळणावर पकड घेतं आणि गाडी उगीचच शहाणी वाटायला लागते. ही चोरी पकडणं माझं काम. निवृत्त होईपर्यंत मी गावच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. नंतर ट्रॅकचा मालक क्लीट म्हणाला, तपासनीस व्हा. तोही माझाच विद्यार्थी. इथले निम्मे लोक माझे विद्यार्थी आहेत, म्हणून बहुतेक सगळे मला अजून बाई म्हणतात आणि माझ्यासमोर शिव्या गिळतात.

टायर न्यायला तिघे आले होते. पहिला गार्लंड शूक, या ट्रॅकचा पाच वेळचा विजेता. केस पांढरे, आवाज मधाळ. त्याच्या खालच्या ओठाआड तंबाखूचा बार फुगलेला आणि हातात थुंकायची बाटली, तपकिरी पाण्यानं अर्धी भरलेली. दुसरा लॉयल सेट्झर. त्याची भाची रेनी सिग्मन आज आयुष्यातली पहिली शर्यत धावणार होती आणि तिची गाडी त्यानंच बांधली होती. तिसरा डाल्टन हेफ्नर. गेल्या वर्षी रेनीची ती गाडी हाच चालवायचा. गाडीच्या मालकानं ती काढून तिला दिली.

गार्लंड बाटलीत थुंकला. एक तार हनुवटीला लोंबकळत राहिली. ती त्यानं अंगठ्यानं पुसली आणि अंगठा पँटला. मी दुसरीकडे पाहिलं.

“देवा रे,” तो मला म्हणाला. “व्हर्ना, येतोय ना तुला वास? विंटरग्रीन. पार इथपर्यंत.”

घोटा मुरगळला की जे मलम चोळतात, त्याचा तो वास. विंटरग्रीनचं तेच तेल टायरालाही पाजतात.

लॉयलचा चेहरा उतरला. डाल्टन आत गेला, वाकला आणि मागे सरकला. “बाई, हे बघा. खडूनं सहा नंबर लिहिलाय. रेनीचे टायर.”

“मी नाही,” लॉयल म्हणाला.

“मी कुणाचं नाव घेतलं का?” क्लीट म्हणाला. पण दहाएक वर्षांपूर्वी लॉयल याच चोरीत सापडला होता, हे तिथे कुणीच विसरलं नव्हतं.

तेवढ्यात रेनी आली. वीस वर्षांची, मोज्यांच्या गिरणीत पहिल्या पाळीला काम करते. शर्यतीचा पांढरा पोशाख तिनं सकाळपासूनच चढवला होता. तिला सगळं कळायला वेळ लागला नाही. टायराला तेल सापडलं की चालवणाऱ्यावर वर्षभर बंदी, हा क्लीटचा नियम फाटकावरच रंगवलेला आहे. आणि वर्षभर बंदी म्हणजे ती गाडी दुसऱ्याला. तिच्यासारखीला दुसरी गाडी कुणी देत नाही.

“बाई, ते तेल कुठे मिळतं तेसुद्धा मला ठाऊक नाही.”

“कुठल्याही औषधाच्या दुकानात,” डाल्टन म्हणाला.

“तुला बरं ठाऊक.”

गार्लंड पुढे झाला आणि त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. “रडू नकोस, पोरी. संध्याकाळच्या प्रार्थनेत मी तुझं नाव घेईन.” दर शनिवारी शर्यतीआधी माईकवर प्रार्थना तोच म्हणतो. हात काढला तेव्हा पांढऱ्या कापडावर अंगठ्याएवढा तपकिरी डाग राहिला.

“तीनला वेळ मोजायच्या फेऱ्या आहेत,” क्लीट मला म्हणाला. “तोपर्यंत काय ते सांगा, बाई. नाहीतर नियम तो नियम.”

२

सगळे गेल्यावर मी रेनीचे टायर एकेक करून उजेडात घेतले.

रबराचा कडकपणा मोजायला माझ्याकडे खिशातल्या घड्याळाएवढं एक यंत्र आहे. त्याची सुई रबरात दाबायची आणि काटा वाचायचा. रेनीचे टायर इतरांच्या टायरांइतकेच कडक होते. तेल वर होतं, आत मुरलेलं नव्हतं. ते मुरायला बरेच दिवस आणि ऊब लागते.

मग डाग पाहिले. तेल टायरभर नव्हतं. जाळीकडे असलेल्या बाजूवर चंद्रकोरीसारखा ओला पट्टा, बाकी कोरडं. ओल्या भागावर पराग पिवळ्या सायीसारखा चिकटला होता. म्हणजे कुणीतरी पिंजऱ्याबाहेर उभं राहून, जाळीच्या भोकांतून, बागेत वापरतात तसल्या पिचकारीनं फवारलं होतं. टायरांवरचे नंबर बाहेरून दिसत होतेच.

“क्लीट, हे वेगासाठी लावलेलं नाही. सापडावं म्हणून लावलंय.”

क्लीट नाकाला रुमाल लावून उभा होता. “म्हणजे पोरगी सुटली?”

“माझ्या लेखी सुटली.”

“आणि बाकीच्यांच्या? मी त्यांना काय सांगू, सुईनं असं म्हटलं? बाई मुलीची बाजू घेतात म्हणतील. मीही पूर्वी तसंच म्हणत होतो.” तो जरा ओशाळला. “शाळेत.”

“ठाऊक आहे.”

“नाव द्या मला. नाव असेल तर कुणाचं तोंड उघडणार नाही.” त्यानं रुमाल आणखी घट्ट धरला. “पण कसला भपकारा आहे हा! डोळ्यांतून पाणी येतंय.”

मला पाणीही येत नव्हतं. पण त्याच्या बोलण्यातलं एक मला खटकलं. नुसतं अडकवायचं असेल, तर दोन फवारे पुरे होते. इथे जाळीकडच्या बाजूला जवळजवळ आंघोळ घातली होती. खोटा पुरावा ठेवणारा माणूस सहसा हात राखून ठेवतो. एवढं कशाला?

३

लॉयल त्याच्या ट्रेलरच्या पायरीवर गॅसच्या शेगडीवर लिव्हरमशच्या, म्हणजे डुकराच्या काळजाच्या वडीच्या, चकत्या तळत होता. तवा गेल्या हंगामापासून धुतलेला नसावा. कडेला तेलाचे काळे थर चढले होते आणि त्यात एक माशी मरून पडली होती. त्यानं मला पावात घालून देऊ केलं. मी नको म्हटलं.

“तुम्हाला वाटतं मी केलं, बाई?”

“पूर्वी केलंस.”

“केलं! पण कसं केलं? आतून. टायर उघडून आतल्या बाजूला लावलं, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलं, गोठ्यात ठेवलं. एकाही माणसाला वास नाही आला. तुमच्या त्या सुईनं घात केला, नाहीतर—” तो अभिमानानं बोलत होता, मग त्याच्या ते लक्षात आलं. “मी म्हणतो, हे असं बाहेरून ओतायला मी काय बावळट आहे?”

आपली चोरी किती सफाईची होती, हा त्याचा बचाव होता. मला किळस आली आणि बचाव पटलाही.

“गुरुवारी सरावानंतर इथे कोण कोण आलं होतं?”

“सगळेच. रेनीनं गार्लंडला बाहेरच्या बाजूनं मागे टाकलं ना, वळणावर, लांबच्या वाटेनं. अख्खं पिट टाळ्या वाजवत होतं. तो स्वतः आला अभिनंदन करायला. मला बार भरायला डबी पुढे केली. त्याची तंबाखू ती विंटरग्रीनवाली असते. मलम खाल्ल्यासारखं वाटतं मला, थुंकून टाकलं. डाल्टन नाही आला. त्यानं शेंगा पाठवल्या.”

“शेंगा?”

“रेनीच्या सीटवर भुईमुगाची टरफलं. मूठभर.”

पिटमध्ये, म्हणजे गाड्या दुरुस्त करायच्या आवारात, भुईमुगाचं टरफल म्हणजे अपशकुन. इथे कुणी खिशातूनसुद्धा आणत नाही. ज्याच्या गाडीत ते सापडलं त्याला अपघात होतो, असं मोठी माणसं मनापासून मानतात.

डाल्टन मला त्याच्या बापाच्या जुन्या गाडीखाली सापडला. मी गाडीवर टकटक केलं. तो घसरत बाहेर आला, कोपरापर्यंत काळा.

“टरफलं तू टाकलीस.”

“हो.”

“लगेच कबूल?”

“तुमच्यासमोर खोटं बोललो की घाम येतो, बाई. नववीपासून.” त्यानं हात पुसले, उलट आणखी माखले. “ती गाडी माझी होती. मला तिचा राग येतो, रात्रंदिवस येतो. म्हणून टरफलं टाकली. घाणेरडं होतं ते. पण तेल? मला तिला ट्रॅकवर मागे टाकायचंय. ती घरी बसली तर मी कुणाला मागे टाकू?”

“वास तुला कुठून आला?”

“दारातूनच. गार्लंडकाका बोलायच्या आधी मला वाटलं, कुणाचा पाय मुरगळलाय.”

“मग बोलला का नाहीस?”

“माझी गाडी गेलीय तिच्याकडे. मी बोललो असतो तर तुम्ही कुणाला धरलं असतं?”

गार्लंड त्याच्या ट्रकच्या सावलीत घडीच्या खुर्चीवर बसला होता. ट्रकच्या बाजूला मोठ्या अक्षरांत ‘येशू सर्वांत पुढे’ असं रंगवलेलं. त्यानं मला दुसरी खुर्ची दिली, स्वतः उठून झटकून दिली. मग जुना बार बोटानं उकरून काढला, बाटलीत टाकला, डबी उघडून नवी चिमूट ओठाआड बसवली. हे सगळं माझ्याशी बोलता बोलता, जसं कुणी चष्मा पुसावा.

“पोरीबद्दल माझ्या मनात काही नाही, व्हर्ना. लॉयलनं तिचं नुकसान केलं. जित्याची खोड.”

“गुरुवारी तिनं तुला बाहेरून मागे टाकलं म्हणे.”

त्यानं डबीचं झाकण दाबून बसवलं. “मी जाऊ दिलं. नवी पोरं आहेत, हौस असते.”

“तू वास फार पटकन ओळखलास.”

“शिकारी कुत्र्याचं नाक आहे माझं.” तो हसला. दातांच्या फटी तपकिरी होत्या. “मला कितीतरी आधी समजतं. तुला आज काहीच येत नाही वाटतं?”

“काहीच नाही,” मी म्हणाले आणि रुमाल काढला.

रुमाल नाकाशी नेताना माझा हात तिथेच थांबला. शाळेत अमोनियाचा प्रयोग असला, की वर्गातली मुलं थोड्या वेळानं आरामात बसायची. बाहेरून शिपाई डोकावला की मात्र तो खोकत पळायचा. मुलं म्हणायची, बाई, वास गेला. वास गेलेला नसायचा. त्यांची नाकं थकलेली असायची, आणि तीही फक्त त्या एका वासापुरती.

मी उठले. क्लीटला गाठून झाकणाच्या चार बरण्या मागितल्या.

४

खाण्याच्या टपरीमागच्या टेबलावर मी बरण्या मांडल्या. तिघं समोर, क्लीट कडेला, रेनी थोडी लांब. तिनं खांद्यावरचा डाग धुवायचा प्रयत्न केला होता. डाग फिका होऊन पसरला होता.

“झाकण उघडा, डोळे मिटा, हुंगा आणि काय आहे ते सांगा,” मी म्हणाले. “नाव ओळखलं नाही तरी चालेल. कुणी कुणाला मदत करायची नाही.”

“परीक्षाच की,” डाल्टन पुटपुटला.

“हो. पहिला तूच.”

पहिल्या बरणीत रॉकेलचा बोळा होता, दुसऱ्या बरणीत व्हिनेगरचा. तिसऱ्या बरणीत रेनीच्या टायराच्या कोरड्या बाजूचा रबराचा कीस, चौथ्या बरणीत त्याच टायराच्या ओल्या बाजूचा. डाल्टननं चारही ओळखल्या आणि चौथीला तोंड वाकडं केलं. “मलम. सकाळचंच.” तो बाजूला झाल्यावर लॉयलला बोलावलं. त्यानं चौथी लांबूनच परत ठेवली.

मग गार्लंड. त्यानं बाटली टेबलावर, बरण्यांच्या शेजारी ठेवली. मी ती उचलायला सांगितली. त्यानं खाली ठेवली.

“रॉकेल,” तो म्हणाला. दुसरी हुंगून: “व्हिनेगर. हे काय पोरखेळ आहेत, व्हर्ना?” तिसरी. “रबर.” चौथी त्यानं नाकाला लावली, दीर्घ श्वास घेतला. “रबरच.”

“दोन्ही सारख्या?”

“सारख्या. टायराचा तुकडा आहे, दुसरं काय?”

क्लीटनं पुढे होऊन चौथी बरणी हुंगली आणि तोंड फिरवलं. मग त्यानं गार्लंडकडे पाहिलं, जणू पहिल्यांदाच.

“नीट हुंग, गार्लंड,” मी म्हणाले. “सकाळी हाच वास तुला पार दारातून आला होता.”

“पराग आहे हवेत. नाक चोंदलंय.”

“माझं चोंदलंय. मला रॉकेलही येत नाही. तुला रॉकेल आलं, व्हिनेगर आलं. तुझं नाक ठणठणीत आहे. त्याला फक्त एक वास येत नाही, कारण तो उठल्यापासून झोपेपर्यंत तुझ्या ओठाआड असतो. सकाळी दारात बार तुझ्या तोंडात होता. माझ्यासमोर तू थुंकलास आणि मग म्हणालास, विंटरग्रीन. तुला तो वास आला नव्हता. आत काय आहे ते तुला आधीच माहीत होतं.”

“अंदाज बांधला मी. लॉयलचे टायर, म्हणून—”

“टायर कुणाचे ते डाल्टननं आत जाऊन पाहिलं. तेही तू वासाचं नाव घेतल्यावर. आणि टायरांना इतक्या प्रकारची तेलं लावतात, त्यातलं हेच कसं?” मी थांबले. “एवढं कशाला फवारलंय, हे मला सकाळपासून कळत नव्हतं. तुला वाटलं, वासच नाही. म्हणून आणखी फवारलंस. मग आणखी. ही तंबाखू न खाणारा कुणीही पहिल्या फवाऱ्याला थांबला असता.”

गार्लंडनं मान वर केली. मला वाटलं आता नाकारेल. पण त्याच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, चीड होती, जणू आम्हीच त्याच्या घरात घुसलो होतो.

“बाहेरून,” तो म्हणाला. “या ट्रॅकवर मला बाहेरून आजवर कुणी मागे टाकलं नव्हतं. माझी बायको बाकावर होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझी माणसं, माझ्याच पिटमधली!” तो रेनीकडे वळला आणि आवाज पुन्हा मधाळ केला. “आणि एक वर्षच तर होतं, पोरी. तुझं वय काय? पुढच्या वर्षी मी थांबणारच होतो. तुझ्यासाठी प्रार्थनाही केली असती मी. खरंच केली असती.”

यातला एकही शब्द खोटा नव्हता. याचीच मला सगळ्यांत जास्त शिसारी आली.

रेनी टेबलाशी आली. तिनं टेबलावरचं फडकं उचललं आणि खांदा पुन्हा पुसायला लागली.

५

क्लीटनं गार्लंडला वर्षभराची बंदी घातली आणि ती फाटकावर लावायला स्वतः गेला. परत आला तो गार्लंडचे टायर ढकलतच.

“रेनी, तुझे टायर गेले. हे घे. कोरे आहेत, पिंजऱ्यात होते, बाईंनी तपासलेत. त्याच्याकडून एवढं तरी वसूल होऊ दे.”

रेनीनं टायरांकडे पाहिलं. “नकोत.”

“अगं, चांगले आहेत!”

“असतील. त्याचं काहीही माझ्या गाडीला लागायला नको. गुरुवारचे सरावाचे लावते.”

“ते झिजलेत,” लॉयल म्हणाला. “अर्ध्या शर्यतीत गाडी साबणावर असल्यासारखी होईल.”

“होऊ दे.”

लॉयल जरा घुटमळला. मग तिच्या कानाशी लागला, पण त्याचा हळू आवाजही दोन ट्रेलरपलीकडे जातो. “आतून जरासं काही लावलं तर... वास नाही यायचा. मी—”

“मामा!”

“गंमत केली गं.”

मी त्याच्याकडे पाहत होते. ती गंमत नव्हती.

तीनच्या फेऱ्यांत रेनीची वेळ मधली कुठलीतरी आली. ती पहिली आली असती तरी फरक नव्हता. नवख्यांनी पहिली शर्यत सगळ्यांच्या मागून सुरू करायची, ही इथली रीत. मागच्या बंपरवर पिवळी पट्टी, म्हणजे मागून गाठणाऱ्यांना कळावं की पुढे शिकाऊ आहे.

सातला प्रार्थनेची वेळ झाली. क्लीटनं माझ्यासमोर माईक धरला. “बाई, तुम्हीच म्हणा. दुसरं कोण आहे?” माईकच्या जाळीवर वर्षानुवर्षांचे तपकिरी ठिपके वाळले होते. मी खिशातल्या स्पिरिटच्या बोळ्यानं तो पुसला. बोळा काळा झाला. दुसरा घेतला, तोही झाला. लोक बाकांवर टोप्या काढून उभे होते.

“सगळ्यांना धड घरी पोचव,” मी म्हणाले. “आमेन.”

एवढीशी प्रार्थना झाल्यामुळे कुणाला टोपी पुन्हा घालायचं धाडस होईना.

गाड्या रांगेत लागल्या. मी पुढून मागे चालत आले. कुठल्याही गाडीचे टायर कुठल्याही क्षणी तपासायचा मला अधिकार आहे. शेवटच्या गाडीपाशी मी थांबले आणि गुडघ्यावर बसले.

गाडीच्या खिडकीच्या जाळीमागून रेनीनं शिरस्त्राण वळवलं. “बाई? आता माझ्यावर विश्वास नाही?”

“तुझ्यावर आहे.”

मी लॉयलकडे पाहिलं नाही. तो कठड्यापाशी उभा होता आणि दोन्ही हात खिशात होते. मी वाकून उजव्या मागच्या टायराचा वास घेतला. नाक अजून बंदच होतं. सुई दाबली, टायर झिजलेला होता, जुना होता. मग दुसरा, तिसरा, चौथा. काटा प्रत्येक वेळी तिथेच थांबला, जिथे जुन्या, कडक, प्रामाणिक रबरावर थांबायला हवा.

मी उठले. पुढच्या सगळ्या गाड्यांची इंजिनं सुरू झाली होती आणि ट्रॅकवरचा पिवळा पराग एकदम उधळून वर गेला होता. तिच्या खांद्यावरचा डाग अजून दिसत होता.

“जा,” मी म्हणाले.